चढणीची हकीकत

दिवाळी अंकात आजारपणाचा विषय काढू नये, असा एक अलिखित संकेत आहे. फराळाच्या ताटात काढ्याची वाटी कोण ठेवील? पण वर्षभर या सदरातून मी वाचकांशी शब्दांच्या, पुस्तकांच्या आणि माणसांच्या गप्पा मारीत आलो आहे. तेव्हा आज एक घरची गोष्ट सांगितली तर कुणी रागावणार नाही, अशी आशा आहे. जिची गोष्ट ती व्यक्ती म्हणजे माझा धाकटा भाऊ. त्याची परवानगी मी घेतली. "लिही दादा," तो म्हणाला, "फक्त मला बिचारा करू नकोस."

2010 सालची दिवाळी. तो तेव्हा सत्तावीस वर्षांचा होता आणि एका कारखान्यात हिशेबनीस होता. वसुबारसेच्या आठ दिवस आधी त्याने कामट्या आणि पतंगी कागद आणून आकाशकंदील करायला घेतले. एक नाही, दोन नाही, चांगले चाळीस! रात्री दोनला पाठ टेकी, चारला उठे. आणि उठे तो ताजातवाना. आळीतल्या प्रत्येक घरावर त्याने एकेक कंदील स्वतः नेऊन लावला. बोलणे तर असे की, एक वाक्य संपण्याआधी दुसरे दारात उभे. त्याच पंधरवड्यात त्याने दोन वह्या भरून कविता लिहिल्या. त्या वाचून मी, मराठीचा प्राध्यापक, मित्रांना अभिमानाने सांगत सुटलो, "आमच्या घरात कवी निपजला!" पतपेढीतून दीड लाखाचे कर्ज काढून त्याने छापण्याचे यंत्र ठरवले आणि नोकरीचा राजीनामा दिला. हे कळले तेव्हाही आम्ही म्हणालो, पोरात धडाडी आहे. आईने दृष्ट काढली, एवढेच.

संक्रांत आली तेव्हा तो भिंतीकडे तोंड करून पडला होता. आंघोळ नाही, जेवण नाही. "मी सगळ्यांना बुडवलं," एवढे एकच वाक्य. नातेवाइकांपैकी कुणी देवर्षी सुचवला, कुणी लग्न सुचवले. आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी उदासीनतेवरच्या गोळ्या दिल्या. तीन आठवड्यांनी स्वारी रात्री दोन वाजता पडवीची भिंत रंगवताना दिसली. गुण आला म्हणून आईने साखर वाटली. चौथ्या आठवड्यात तो वडिलांच्या अंगावर धावून गेला.

मग आम्ही मानसोपचाराच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. मी सगळी कर्मकहाणी सांगितली. ती ऐकून बाईंनी विचारले, "हा खाली कधी गेला ते तुम्ही सांगितलंत. त्याआधी वर कधी गेला होता?"

मी गोंधळलो. वर? माणूस आनंदात असतो त्याची का कुणी तक्रार नोंदवतो?

"झोप किती होती त्या दिवसांत?" त्यांनी पुढे विचारले. "आणि कमी झोपूनही थकवा येत नव्हता ना?"

तेव्हा कुठे मला ते चाळीस कंदील आठवले. काळजीने ज्याची झोप उडते तो दुसऱ्या दिवशी मरगळलेला असतो. याला झोपेची गरजच उरली नव्हती. फरक एवढाच, पण निदान त्यावरच झाले. हा आजार दाखवणारी रक्ताची तपासणी नाही की छायाचित्र नाही. थायरॉइड वगैरे तपासतात, ते दुसरे कारण नाही ना हे पाहण्यासाठी. बाकी सगळी भिस्त हकीकतीवर. आठवडाभर किंवा अधिक टिकणारा उन्माद, आणि पुष्कळदा त्याच्या पुढेमागे दोन आठवड्यांहून लांबणारे नैराश्य. काहींचा उन्माद सौम्य असतो, चार-पाच दिवसांत ओसरतो. तो तर हुशारी म्हणूनच खपून जातो. आमच्या डॉक्टरांना दोष कसा देऊ? आम्ही त्यांना उतरण सांगितली, चढण सांगितलीच नाही. आणि नुसत्या उदासीनतेवरच्या गोळ्या अशा रोग्याला कधीकधी उलट वर ढकलतात.

या आजाराला मराठीत 'द्विध्रुवीय विकार' म्हणतात. आपल्याकडे ध्रुव हा अढळपणाचा तारा. इथे ध्रुव दोन आणि अढळ काहीच नाही! हे दोन आजार नसून एकच आहे, हे 1854 साली पॅरिसमधल्या फालरे आणि बायार्जे या दोन वैद्यांनी जवळजवळ एकाच वेळी मांडले, आणि आधी कोणी सांगितले यावरून ते भांडलेही. औषध सापडायला मात्र पुढे शंभर वर्षे जावी लागली. ऑस्ट्रेलियाचा डॉक्टर जॉन केड हा महायुद्धात सिंगापूरच्या चांगी येथे जपान्यांच्या कैदेत होता. सुटून आल्यावर मेलबर्नजवळच्या रुग्णालयात, एका रिकाम्या कोठीच्या खोलीत, तो गिनीपिगांवर प्रयोग करू लागला. लिथियमचा क्षार टोचल्यावर ते प्राणी शांत झालेले त्याला दिसले. उन्मादाच्या दहा रोग्यांना तो देऊन त्याने 1949 साली त्याची हकीकत प्रसिद्ध केली. डेन्मार्कच्या मोगेन्स स्कौ याने 1954 साली त्याची काटेकोर परीक्षा घेतली. ग्रीक भाषेत लिथॉस म्हणजे दगड. वाऱ्यावर उडणाऱ्या कागदावर ठेवावा, तसा हा दगड!

पण हा दगड तोलून मापून ठेवावा लागतो. रक्तातले प्रमाण कमी पडले तर उपयोग नाही, वाढले तर विषबाधा. म्हणून ठरावीक काळाने रक्त तपासायचे. मूत्रपिंडे आणि थायरॉइडवरही लक्ष ठेवायचे. आईला बाईंनी बजावले, "याला निर्जळी उपास नको, अळणी जेवणही नको. जुलाब-उलट्या झाल्या तर लगेच कळवा. अंगदुखीच्या गोळ्या मनाने देऊ नका. आणि झोपेची वेळ चुकवू नका." सर्वांनाच लिथियम देतात असे नाही, इतर औषधेही आहेत. पण कोणतेही असले तरी ते नेमाने घ्यावे लागते.

आणि इथेच माझा अपराध कबूल करायचा आहे. 2013 साली तो एकदा म्हणाला, "दादा, गोळ्यांनी कविता सुचेनाशी झाली रे." वर्गात मी वर्षानुवर्षे शिकवीत आलो होतो की प्रतिभा आणि वेड एका भिंतीचे शेजारी. त्या दोन वह्या मी जपून ठेवल्या होत्या. मी "औषध सोड" म्हटले नाही. पण सुस्कारा टाकला. त्याने तो ऐकला. गोळ्या गुपचूप बंद झाल्या. दोन महिन्यांनी तो रुग्णालयात होता, तीन आठवडे. आणि बाहेर आल्यावर जी उतरण लागली तीत तो जीव देण्याच्या गोष्टी बोलू लागला. त्याला एकटे सोडायचे नाही म्हणून आम्ही आळीपाळीने उशाशी बसत होतो. तेव्हा मी त्या वह्या पुन्हा काढून वाचल्या. चांगल्या ओळी होत्या, नाही असे नाही. पण एका भावाच्या मोलाच्या नव्हत्या.

तेव्हापासून गोळी चुकलेली नाही. आज तो एका शाळेत हिशेब पाहतो. महिन्या-दोन महिन्यांनी एखादी कविता होते. खाडाखोड करून करून होते.

वाचकहो, तुमच्या घरी कुणी अंथरूण धरले तर डॉक्टरांना त्याआधीचे भरतीचे दिवसही सांगा. जीव देण्याची भाषा कानावर आली तर वाट पाहू नका. 14416 हा टेली-मानसचा सरकारी क्रमांक 2022 पासून चालू आहे. तिथे मराठीतही बोलता येते.

आमच्याकडे आता एकच कंदील लागतो. नरकचतुर्दशीला आई पूर्वी सगळ्यांना चारला उठवीत असे. सूर्योदयापूर्वी आंघोळ न करणारा नरकात जातो, ही तिची जुनी धमकी. गेल्या वर्षी मी पहाटे धाकट्याला हाक मारायला निघालो, तर तिने उटण्याच्या हातानेच मला अडवले.

"झोपू दे त्याला सातपर्यंत," ती म्हणाली. "नरकात जायचंच असेल तर त्याच्याऐवजी मी जाईन."