देवी कोणीं घालविली?

संकट ओढवलें कीं देवानें धांवावें, नाहीं तर एखाद्या थोर पुढाऱ्यानें अवतरावें, अशी वाट पाहण्याची आपणां सर्वांस सवय जडली आहे. या वृत्तीचें उत्तर आपल्या घरगुती भाषेंतच आहे. ज्या रोगास ‘देवी’ म्हणून आपण हात जोडले, त्याचें पृथ्वीवरून उच्चाटन झाल्याचें जागतिक आरोग्य संघटनेनें १९८० सालीं जाहीर केलें. लशीचा मार्ग जेन्नरनें १७९६ सालींच दाखविला होता. पण लस सांपडणें निराळें, ती दारोदार पोंचणें निराळें! १९६७ पासून जगभर नेटाची मोहीम झाली. तींत एकमेकांवर डोळे वटारणारे अमेरिका व रशियाही एकत्र आले. आपल्या देशांत कार्यकर्ते रोग्याचें चित्र दाखवीत घरोघर हिंडले आणि १९७५ सालीं हा रोग येथून हटला. नेते होतेच, परंतु घरांतील आजारी मूल न लपविणाऱ्या गृहिणीवांचून त्यांनीं काय केलें असतें? शीतलेपुढें दिवा लावणाऱ्या कित्येक हातांनीं मुलाचा दंडही लशीसाठीं पुढें केला. त्यानें श्रद्धेस बाध आला, असें आम्हांस वाटत नाहीं. देवावर भार टाकावा; आपला वांटा मात्र टाकूं नये.