बिनबंदुकीचे दर्यावर्दी

यंदाही पालघर-बोईसरमध्ये फराळाच्या ताटाशी वाढवण बंदराचीच चर्चा रंगणार. ३० ऑगस्ट २०२४ ला बंदराची पायाभरणी झाली. शहात्तर हजार कोटींचा खर्च, नऊ कंटेनर टर्मिनल, समुद्रात भराव, मच्छीमारांचा विरोध: यावर पुष्कळ लिहून झाले. एक गोष्ट मात्र बोलली जात नाही. बंदर झाले की जहाजे येतात आणि त्यांच्या मागून परक्यांची युद्धेही दारात येतात.

आपल्या किनाऱ्याला हे नवे नाही. चिंचणीला सापडलेला शके ८४८चा, म्हणजे इ.स. ९२६चा राष्ट्रकूट ताम्रपट संजाणच्या ‘ताजिक’, म्हणजे अरब कारभाऱ्याची हकिगत सांगतो. मधुमती सुगतिप त्याचे नाव. अभ्यासकांच्या मते मूळचा मुहम्मद. त्याने किनाऱ्यावरच्या बंदरांचे नायक जिंकले आणि तिथे आपली माणसे नेमली. त्याच ताम्रपटात त्याने लोकांसाठी फुकट होडी सुरू केल्याचे आणि भात-तुपाचे अन्नछत्र घातल्याचेही नोंदले आहे. दान मात्र देवीच्या मठाला! इतिहासाकडून सोयीची उत्तरे मागणाऱ्यांनी हा पत्रा जरूर वाचावा.

व्यापारी जहाजाला लढाई आणि धंदा असे वेगळे कप्पे कधीच करता आले नाहीत. १४ एप्रिल १९४४ ला मुंबईच्या व्हिक्टोरिया डॉकमध्ये फुटलेल्या ‘फोर्ट स्टिकिन’ या जहाजात सुमारे १,४०० टन स्फोटके होती, आणि कराचीत चढवलेल्या कापसाच्या गाठीही. कापूस पेटला, मग बाकी सगळे. आग विझवायला गेलेले ६६ अग्निशमन जवान परतले नाहीत.

त्या दुसऱ्या महायुद्धात हिंदी खलाशी गोऱ्या खलाशापेक्षा कितीतरी कमी पगारावर इंजिनाच्या भट्टीशी राबत होते. त्यात आपल्या कोकणातलेही होते. पाणतीराला सैनिक आणि सारंग यांतला फरक कळत नाही. ज्यांना समुद्राखेरीज कबर मिळाली नाही अशा सहा हजारांहून अधिक जणांची नावे एका स्मरणवहीत आहेत. तिची एक प्रत मुंबईच्या खलाशीगृहात, दुसरी चितगावला. किती मुंबईकरांनी ती उघडली असेल?

आज पाणतीराच्या जागी ड्रोन आणि क्षेपणास्त्रे आली आहेत. जानेवारी २०२४ मध्ये एडनच्या आखातात ‘मर्लिन लुआंडा’ या नाफ्थावाहू जहाजावर क्षेपणास्त्र पडले, तेव्हा त्यावर २२ भारतीय होते. आग विझवायला ‘आयएनएस विशाखापट्टणम’ धावली. तीन महिन्यांनी इराणने होर्मुझजवळ ‘एमएससी एरीज’ ताब्यात घेतले, त्यावर १७ भारतीय. झेंडा परका, मालक परका, माल तिसऱ्याचा, माणसे आपली. अशी बातमी आली की तारापूरच्या रासायनिक कारखानदाराला आधी वाहतूक भाड्याची काळजी लागते. त्याला दोष देत नाही, धंदा आहे. पण वाढवणच्या नावाने नोकऱ्यांचे आकडे मांडणाऱ्यांनी युद्धक्षेत्रात जहाज नेण्यास नकार देण्याचा हक्क, अडकलेल्या खलाशाचा पगार आणि त्याच्या घरच्यांचा विमा हेही त्याच कागदावर मांडावे. सातपाटी-डहाणूच्या पोरांना जहाजावर जा म्हणायचे, तर हे आधी ठरायला हवे.

आपल्या घरातले कोणी या दिवाळीत जहाजावर असेल, तर तिथला अनुभव आम्हाला लिहून पाठवा. पुढच्या अंकात त्यासाठी पाने राखून ठेवतो आहोत.