पुसलेल्या फितींचा शोध

नायजेरियातील जोस शहरात, दूरचित्रवाणीच्या एका रिले केंद्रातील कोठीत फिल्मचे काही डबे वर्षानुवर्षे धूळ खात पडले होते. फिलिप मॉरिस या ब्रिटिश संशोधकाने ते उघडून पाहिले, तेव्हा त्यांत 'डॉक्टर हू' या बीबीसीच्या गाजलेल्या विज्ञानमालिकेचे नऊ हरवलेले भाग निघाले. १९६७-६८ सालच्या या भागांची एकही प्रत खुद्द बीबीसीकडे उरलेली नव्हती. ऑक्टोबर २०१३मध्ये या शोधाची घोषणा झाली, तेव्हा ब्रिटनमधील वृत्तपत्रांनी ती पहिल्या पानाच्या तोलाची बातमी मानली. आनंद स्वाभाविकच होता. परंतु या आनंदाच्या आड एक अवघड प्रश्न दडलेला आहे. लंडनमध्ये तयार झालेली आणि लाखो ब्रिटिशांनी पाहिलेली मालिका लंडनमध्ये का उरली नाही, आणि आफ्रिकेतल्या एका अडगळीत कशी उरली?

हे भाग आगीत जळाले नाहीत, पुरात वाहून गेले नाहीत वा चोरीलाही गेले नाहीत. ते रीतसर पुसले गेले. 'डॉक्टर हू'चा पहिला भाग २३ नोव्हेंबर १९६३ रोजी प्रक्षेपित झाला. पहिल्या सहा वर्षांत तिचे २५३ भाग झाले. ते दोन इंच रुंदीच्या टेपवर ध्वनिचित्रमुद्रित होत. ही टेप अतिशय महाग होती आणि पुसून पुन्हा वापरता येत असे. कलाकारांच्या संघटनांशी झालेल्या करारांमुळे जुने कार्यक्रम पुन:पुन्हा दाखवण्यावर मर्यादा होत्या. घरोघरी ध्वनिचित्रफिती विकत घेऊन पाहिल्या जातील, ही कल्पना तेव्हा कुणाच्या स्वप्नातही नव्हती. त्यातच १९६७पासून ब्रिटिश दूरचित्रवाणी रंगीत होऊ लागली आणि कृष्णधवल कार्यक्रमांचे व्यापारी मूल्य झपाट्याने घसरले. जो कार्यक्रम पुन्हा दाखवायचा नाही, विकायचा नाही, त्याने महागडी टेप अडवून का ठेवायची? हिशेबनिसाच्या दृष्टीने हा प्रश्न बिनतोड होता. त्याचे उत्तर म्हणून १९६७ ते १९७८ या काळात या मालिकेच्या टेप आणि फिल्म टप्प्याटप्प्याने नाहीशा करण्यात आल्या.

यातील सर्वांत उद्बोधक भाग म्हणजे जबाबदारीची विभागणी. परदेशी केंद्रांना कार्यक्रम विकण्यासाठी बीबीसीची वेगळी व्यापारी शाखा होती. दूरचित्रवाणीच्या पडद्यासमोर कॅमेरा ठेवून १६ मिलिमीटरच्या फिल्मवर उतरवलेल्या प्रती ही शाखा बाळगत असे. विक्रीचे हक्क संपले की या प्रतींचीही विल्हेवाट लागे. मूळ कार्यक्रम दुसऱ्या विभागाने सांभाळलेच असतील, असा या शाखेचा समज होता. दुसरीकडे बीबीसीच्या फिल्म ग्रंथालयाकडे फिल्म जपण्याचे काम होते, टेप जपण्याचे नव्हते. प्रत्येकजण आपापल्या नियमानुसार वागत होता आणि नेमका त्यातूनच ठेवा नष्ट होत होता. १९७८मध्ये सू माल्डन यांची संग्रहातील कार्यक्रमांच्या निवडीसाठी नेमणूक झाली. त्यांनी नमुन्यादाखल 'डॉक्टर हू'चीच तपासणी हाती घेतली आणि किती भाग गेले आहेत, याचा थांग तेव्हा लागला. त्यानंतर विध्वंस थांबला. परंतु तोवर व्हायचे ते नुकसान होऊन गेले होते.

ही केवळ एका मालिकेची कथा नव्हे. जुलै १९६९मध्ये मानवाने चंद्रावर पाऊल ठेवले, त्या रात्रीच्या बीबीसीच्या स्टुडिओतील प्रक्षेपणाचा बहुतांश भाग आज उपलब्ध नाही. अमेरिकेतही वेगळे घडले नाही. अपोलो ११ मोहिमेच्या मूळ टेपचा शोध नासाने घेतला, तेव्हा २००९मध्ये निष्कर्ष निघाला तो असा, की त्या बहुधा पुसून पुन्हा वापरल्या गेल्या असाव्यात. ज्या संस्थेने माणूस चंद्रावर पाठवला, तिलाही टेपच्या टंचाईपुढे इतिहासाचे भान राहिले नाही.

मग जे वाचले, ते कशामुळे वाचले? बहुतेक वेळा कुणाच्या तरी विसरभोळेपणामुळे, हट्टामुळे किंवा नियमभंगामुळे. परदेशी केंद्रांनी प्रक्षेपणानंतर फिल्म परत कराव्यात, पुढच्या देशाला धाडाव्यात किंवा नष्ट कराव्यात, असा करार असे. ज्या केंद्रांनी करार पाळला, तेथे काही उरले नाही. ज्यांनी कंटाळा केला, त्यांनी इतिहासावर उपकार केले. 'टूम ऑफ द सायबरमेन' या कथेचे चारही भाग हाँगकाँगहून परतले आणि १९९२मध्ये प्रेक्षकांना पुन्हा पाहता आले. १९८३मध्ये दोन भाग लंडनमधील एका चर्चच्या तळघरात सापडले. १९९९मध्ये न्यूझीलंडमधील एका संग्राहकाकडे एक भाग निघाला. २००४ आणि २०११ साली परतलेले भाग दूरचित्रवाणीत काम केलेल्या निवृत्त अभियंत्यांनी सांभाळलेले होते.

ऑस्ट्रेलियातील प्रकार तर दैवदुर्विलासाचाच म्हणावा लागेल. तेथील अभ्यवेक्षकांनी मुले घाबरतील म्हणून काही दृश्ये कापली होती. ते तुकडे सरकारी दफ्तरात पुराव्यादाखल जपून ठेवले गेले आणि १९९६मध्ये हाती लागले. ज्या भागांतून ते कापले, ते भाग नाहीसे झाले. दाखवण्यास अयोग्य ठरलेली तेवढी दृश्ये मात्र उरली!

सामान्य प्रेक्षकांचा वाटाही मोठा आहे. या मालिकेच्या एकूण एक हरवलेल्या भागाचा आवाज आज उपलब्ध आहे. साठच्या दशकात काही शाळकरी मुलांनी आणि तरुणांनी घरच्या संचासमोर टेपरेकॉर्डर ठेवून तो मुद्रित करून ठेवला होता, म्हणून. जॉन क्युरा नावाचे छायाचित्रकार पडद्यावरील दृश्यांची छायाचित्रे काढून ती निर्मात्यांना आणि कलाकारांना विकत असत. पुढे हा आवाज आणि ही छायाचित्रे यांच्या आधारे काही कथा अॅनिमेशनच्या रूपाने पुन्हा उभ्या करण्यात आल्या. 'द पॉवर ऑफ द डालेक्स' ही अशीच २०१६मध्ये प्रेक्षकांसमोर आली. संस्थेने पुसले ते प्रेक्षकांनी राखले, असा या साऱ्याचा अर्थ आहे.

एखादा कोता व्यवहारवादी विचारील, की एवढा खटाटोप कशासाठी? अखेर ती मुलांसाठीची साप्ताहिक मालिकाच ना! जोस येथे सापडलेल्या भागांनीच या प्रश्नाचे उत्तर दिले आहे. 'द एनिमी ऑफ द वर्ल्ड' या सहा भागांच्या कथेचा केवळ तिसरा भाग अनेक वर्षे उपलब्ध होता. त्यावरून ही कथा सुमार असल्याचे मत रूढ झाले होते. उरलेले पाच भाग मिळाले आणि नायक व खलनायक अशा दुहेरी भूमिकेत पॅट्रिक ट्राउटन यांनी केलेला अभिनय सलगपणे पाहता आला, तेव्हा जाणकारांना आपले मत बदलावे लागले. याउलट न पाहिलेल्या काही कथांभोवती आठवणींनी इतके तेजोवलय निर्माण केले होते, की प्रत्यक्ष दर्शनाने काहींचा किंचित भ्रमनिरासही झाला. मूल्यमापन चढे अथवा उतरे. त्यासाठी मूळ कृती समोर असावी लागते. ती नसेल तर उरते ती केवळ आख्यायिका.

२०१३च्या त्या शोधानंतर हरवलेल्या भागांची संख्या ९७वर आली. उरलेल्यांपैकी काही खासगी संग्राहकांकडे असावेत, असे या क्षेत्रातील मंडळी मानतात. येथेच खरी अडचण आहे. संग्राहकाकडील फिल्म अनेकदा कचऱ्यातून उचललेली असते किंवा कार्यालयातून गुपचूप बाहेर पडलेली असते. कायद्याच्या काटेकोर भाषेत ती त्याची नसते. आपण पुढे आलो तर फिल्म जप्त होईल, कदाचित खटलाही गुदरला जाईल, या भीतीने तो गप्प राहतो. दरम्यान त्याचे वय वाढते. त्याच्या पश्चात घर आवरणाऱ्या वारसांना त्या गंजक्या डब्यांचे मोल ठाऊक नसते. फिल्मही थांबत नाही. जुनी अॅसिटेट फिल्म कालांतराने आंबट वासासह आक्रसत आणि ठिसूळ होत जाते. म्हणूनच या शोधात तंत्रज्ञानापेक्षा विश्वासाची गरज अधिक आहे. फिल्म संग्राहकाकडेच राहू द्यावी, तिची डिजिटल प्रत घेऊ द्यावी, कोणताही जाब विचारू नये, असे अभय जाहीरपणे आणि नि:संदिग्धपणे मिळाले पाहिजे. ज्या संस्थेने स्वत:च्या हातांनी टेप पुसल्या, तिने ती वाचवणाऱ्याला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करणे हा न्याय नव्हे.

मराठी वाचकाने ही परक्यांची गोष्ट समजण्याचे कारण नाही. १४ मार्च १९३१ रोजी मुंबईच्या मॅजेस्टिक चित्रगृहात झळकलेल्या 'आलम आरा' या पहिल्या भारतीय बोलपटाची एकही प्रत आज अस्तित्वात नाही. पुण्याचे राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ साली स्थापन झाले, तेव्हा तेहतीस वर्षे उलटून गेली होती. पी. के. नायर यांच्यासारख्या ध्यासवेड्या माणसाने गावोगाव हिंडून जे मिळवले, ते आपले भाग्य. दूरचित्रवाणीला मात्र असा नायर लाभला नाही. मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. मराठी साहित्य, रंगभूमी आणि संगीत यांतील कितीतरी दिग्गज त्याच्या पडद्यावर येऊन गेले. मार्च २०२०च्या टाळेबंदीत दूरदर्शनने 'रामायण' पुन्हा दाखवले आणि घरोघरी संच सुरू झाले, ते टेप शिल्लक होत्या म्हणूनच. शिल्लक नसलेल्या कार्यक्रमांची आठवण मात्र टाळेबंदीतही कुणी काढू शकले नाही.

जपानच्या एनएचके या संस्थेने या बाबतीत अनुकरणीय मार्ग धरला आहे. आपल्या जुन्या कार्यक्रमांचे घरी केलेले ध्वनिचित्रमुद्रण कुणाकडे असल्यास ते द्यावे, असे आवाहन ती प्रेक्षकांना आणि जुन्या कलाकारांना करते. आपल्याकडे १९८२च्या आशियाई क्रीडास्पर्धांनंतर व्हिडीओ रेकॉर्डर मध्यमवर्गीय घरांत शिरला. त्या काळच्या व्हीएचएस कॅसेट आजही कुणाच्या माळ्यावर, कुणाच्या कपाटात असतील. मुंबईच्या पावसाळी हवेत त्यांना बुरशी लागते आणि त्या चालवणारी यंत्रे दुरुस्त करणारे कारागीरही आता दुर्मीळ झाले आहेत. असे आवाहन येथे व्हायचे असेल तर ते आताच व्हायला हवे.

डिजिटल युगात हा धोका संपला, अशी समजूत कुणी करून घेऊ नये. मे २०२३मध्ये डिस्ने कंपनीने 'विलो' ही आपलीच नवी मालिका अवघ्या काही महिन्यांत आपल्या मंचावरून काढून टाकली. कारण पुन्हा तेच, हिशेबाचे. पूर्वी टेप पुसायला यंत्र लागत असे, आता एक कळ पुरते. आणि घरात प्रत नसलेल्या प्रेक्षकाला ती वाचवताही येत नाही.

कोणती कृती टाकाऊ आहे, हे ठरवण्याचा अधिकार ती निर्माण करणाऱ्या पिढीकडे नसतो, हा या साऱ्या शोधाचा धडा आहे. साठच्या दशकातील त्या अधिकाऱ्यांना वेड लागले नव्हते. त्यांचे हिशेब चोख होते. फक्त त्या हिशेबात पुढच्या पिढीचा रकाना नव्हता.