रात्रभर जागणारी डबी

मैत्रिणींनो, रिकाम्या खोलीत दिवा दिसला की आपण आधी बटण बंद करतो आणि मग पोरांवर ओरडतो. पण कोनाड्यातल्या त्या वायफायच्या डबीकडे कधी लक्ष जातं का हो? ती साधारण १० वॅटची असते. चोवीस तास चालू राहिली तर वर्षाला ८८ युनिटं जळतात. रात्री दहा ते पहाटे पाच बंद ठेवली तर त्यातली २५ वाचतात.

"एवढ्याशानं काय होणार?" असं घरातली पुरुषमंडळी म्हणतीलच. पण आपण शिरूर कासारच्या बायका, पाण्याचा हिशेब आपल्याला कुणी शिकवायला नको. आपली सिंदफणा पुढे माजलगावच्या धरणात जाते. परळीच्या औष्णिक वीज केंद्राला गोदावरीवरच्या खडका बंधाऱ्याचं पाणी लागतं, माजलगावचंही तिकडे सोडलं जातं. २०१३ च्या दुष्काळात पाण्यावाचून ते केंद्र बंद ठेवावं लागलं होतं. म्हणजे विजेलाही घागर लागतेच.

मोबाइलच्या टॉवरचंही तसंच. लाईट गेली की तो बॅटरीवर चालतो, नाहीतर डिझेलच्या जनरेटरवर. खेड्यांतले ७५ टक्के टॉवर २०२० पर्यंत सौर वगैरे ऊर्जेच्या जोडीनं चालवावेत, असं सरकारनं २०१२ मध्ये ठरवलं होतं. टॉवरसाठी गच्ची भाड्यानं मागायला कुणी आलं, तर भाड्याआधी एवढं विचारा : जनरेटर आहे की सौर पत्रे? धूर आपल्याच वाळवणावर बसायचा.

आता एक खरी गोष्ट सांगते. सकाळचा गुलाबाच्या फुलांचा फोटो पाठवला नाही म्हणून टॉवर लगेच कमी वीज खात नाही. तो रिकामा असला तरी बरीचशी वीज खातोच. खरा भार असतो व्हिडिओचा, आणि तोही संध्याकाळी, सगळी घरं एकदमच बघायला बसतात तेव्हा. त्या गर्दीच्या मापानंच नवी यंत्रं बसवली जातात. म्हणून मुलांचे अभ्यासाचे व्हिडिओ दुपारीच उतरवून ठेवा. लहानशा पडद्यावर चित्र जरा कमी दर्जाचं ठेवलं तरी शिकवणं तेच कळतं. घरात केबलचं इंटरनेट असेल तर मोबाइलचा डेटा बंद ठेवा, तारेतून जायला वीज कमी लागते.

जुनी डबी चालत असेल तर नव्याच्या हौसेनं बदलू नका. बिघडलीच, तर भंगारवाल्याला देऊ नका. तांब्यासाठी तारा जाळतात आणि तो धूर फार वाईट. १ एप्रिल २०२३ पासूनच्या नियमांनुसार असला कचरा मार्गी लावण्याची जबाबदारी बनवणाऱ्या कंपनीवर आहे, तेव्हा दुकानदाराला खुशाल विचारा.

आणि हो, रोज एकदा बंद केल्यानं डबी बिघडत नाही. मात्र घरात कुणी आजारी असेल आणि रात्रीचे फोन वायफायवरच लागत असतील, तर राहू द्या बाई चालू.