धागा : ‘खासगी डच संग्रह’ या तीन शब्दांआड दडलेली बालीची लूट

२७ मे १९०४ रोजी ‘श्री कुमाला’ नावाचे एक छोटे व्यापारी गलबत बालीच्या दक्षिणेस, सानूरच्या किनाऱ्याजवळ फुटले. गलबताचा मालक चिनी वंशाचा, पण डच अमलाखालचा प्रजाजन होता. किनाऱ्यावरच्या लोकांनी माल लुटला, अशी तक्रार त्याने गुदरली. डच सरकारने बादुंगच्या राजाकडे भरपाई मागितली. आपल्या प्रजेने लूट केलेलीच नाही, असे सांगून राजाने ती देण्यास नकार दिला. मग नाकेबंदी झाली, आणि सप्टेंबर १९०६ मध्ये त्याच सानूरच्या वाळूवर डच फौज उतरली.

एका फुटक्या गलबतातील मालाची कथित चोरी हे ज्या युद्धाचे निमित्त, त्या युद्धाचा शेवट राजवाडे धुऊन नेण्यात झाला. आज युरोपातील लिलावांत बालीच्या क्रिस, कर्णभूषणे, सोन्याच्या मुठी यांवर बोली लागते, तेव्हा या आरंभाचा उल्लेख कोणीही करत नाही. हा धागा त्या मौनाविरुद्ध आहे.

२० सप्टेंबर १९०६. डच तोफांचा मारा चालू असताना डेनपासारच्या राजवाड्यातून एक मिरवणूक बाहेर पडली. अग्रभागी पालखीत राजा ई गुस्ती ङुराह मादे आगुंग. अंगावर शुभ्र वस्त्रे आणि राजघराण्याचे उत्तमोत्तम अलंकार, कमरेला क्रिस म्हणजे नागमोडी पात्याची कट्यार. मागे राण्या, मुले, पुरोहित, सरदार, सेवक. डच सैनिकांच्या रांगेपासून काही अंतरावर पालखी थांबली, राजाने खूण केली आणि पुरोहिताने त्याच्या छातीत क्रिस खुपसली. उरलेल्यांनी स्वतःवर आणि एकमेकांवर शस्त्र चालवण्यास आरंभ केला. समोरून बंदुका सुटू लागल्या. मृतांचा आकडा हजाराच्या आसपास सांगितला जातो. त्याच दिवशी दुपारी पमेचुतानच्या राजवाड्यासमोर हेच पुन्हा घडले.

याला बालीत ‘पुपुतान’ म्हणतात; म्हणजे शेवट होईपर्यंतची झुंज. मराठी वाचकाला येथे राजपुतांचा साका आठवेल. साम्य आहे, परंतु येथे स्त्रिया आणि मुलेही त्याच मिरवणुकीत, त्याच गोळ्यांसमोर चालत गेली.

त्या दिवसाच्या अनेक वर्णनांत एक तपशील येतो. मिरवणुकीतील स्त्रियांनी सैनिकांच्या अंगावर सोन्याची नाणी आणि दागिने भिरकावले. ‘यासाठीच आला होता ना, मग घ्या!’ असा त्यामागचा धिक्कार. सैनिकांनी ते घेतले. गोळीबार थांबल्यावर प्रेतांच्या अंगावरचेही घेतले आणि राजवाड्यांच्या भग्नावशेषांत शिरून उरलेलेही घेतले.

धिक्कार म्हणून फेकलेला तोच दागिना चार पिढ्यांनंतर मखमलीवर ठेवून ‘बाली, एकोणिसावे शतक, सोने, खासगी डच संग्रह, वारशाने प्राप्त’ एवढ्या वर्णनासह विक्रीस निघू शकतो. अशा धाटणीचा मजकूर कॅटलॉगमध्ये सर्रास आढळतो. लिलावाच्या व्यवहारात वस्तूच्या मालकीच्या इतिहासाला ‘प्रोव्हेनन्स’ म्हणतात. सातबाऱ्यावरील फेरफारांवरून जमीन कोणाकडून कोणाकडे गेली ते कळते, तसे यावरून वस्तूचा प्रवास कळावा ही अपेक्षा. ‘खासगी डच संग्रह’ या शब्दांनी काय कळते? वस्तू एका डच घरात होती, एवढेच. त्या घरात ती कोणी, कोठून, कोणत्या वर्षी आणली, हे नेमके गाळलेले असते. शेवटचा फेरफार दाखवायचा आणि पहिला झाकायचा, अशी ही नोंद आहे.

बालीतून बाहेर गेलेली प्रत्येक वस्तू लुटीची आहे, असे येथे सुचवायचे नाही. तसे म्हणणे खोटेच ठरेल. १९२८ मध्ये डेनपासारमध्ये, पुपुतान झाले त्याच परिसरात, बाली हॉटेल उभे राहिले. हत्याकांडानंतर पुरती पंचवीस वर्षेही लोटली नव्हती आणि डच जहाज कंपनी पर्यटकांना ‘स्वर्गीय बेट’ दाखवू लागली होती. या पाहुण्यांसाठी कोरीव कामे आणि चित्रे होऊ लागली. १९३६ मध्ये उबुदचे राजकुटुंब, वॉल्टर स्पीस आणि रुडॉल्फ बॉनेट हे युरोपीय चित्रकार यांच्या पुढाकाराने ‘पिता महा’ ही कलावंतांची संघटना स्थापन झाली. तिच्या सभासदांनी विकण्यासाठी केलेली कामे जगभर गेली, त्यात गैर काही नाही. मास या गावचा लाकूडकाम करणारा कारागीर किंवा चेलुकचा चांदीकाम करणारा सोनार आजही विकण्यासाठीच घडवतो. त्याच्याकडून नवी वस्तू नवी म्हणून घेणारा ग्राहक त्याचे पोट भरतो. अडचण तेथून पुढे सुरू होते : नव्या लाकडाला जुनेपणाचा रंग चढवून ‘अँटीक’ म्हणून विकणारा व्यापारी आणि जुन्या वस्तूचा रक्ताचा डाग पुसून ‘सजावटीची वस्तू’ म्हणून विकणारा लिलावदार. दोघेही काळाविषयी खोटे बोलतात. पहिल्याच्या खोटेपणाने गिऱ्हाईक फसते, दुसऱ्याच्या खोटेपणाने इतिहास.

संग्राहकांचा ठरलेला युक्तिवाद असतो : ‘आम्ही नेले म्हणून वाचले. दमट हवा, वाळवी, भूकंप यांत ते कधीच नष्ट झाले असते.’ या युक्तिवादाचे लाडके उदाहरण म्हणजे ‘नागरकृतागम’, आणि हे उदाहरण तपासण्याजोगे आहे.

१३६५ मध्ये प्रपंच या कवीने मजपहित साम्राज्याचे वर्णन करणारे हे काव्य रचले. त्याचे मूळ नाव ‘देशवर्णन’. मराठी वाचकाला अर्थ सांगावा लागत नाही. जावात ते लुप्त झाले. १८९४ मध्ये डचांनी लोंबोक बेटावरील बालीवंशीय राज्यावर स्वारी केली, तेव्हा चक्रनगरच्या राजवाड्यातील ग्रंथालयात ब्रांडेस या फौजेसोबतच्या भाषापंडिताला त्याची ताडपत्रावरील प्रत मिळाली. ग्रंथालय जळून जाण्याआधी त्याने ते वाचवले, अशी ही गौरवकथा. ब्रांडेसचे श्रेय त्याला द्यावेच. परंतु राजवाडा धोक्यात कोणामुळे आला होता? आग आणि अग्निशमन दोन्ही एकाच छावणीतून आले होते. त्याच स्वारीत सुमारे २३० किलो सोने आणि सात हजार किलोंहून अधिक चांदी नेण्यात आली, हे गौरवकथा सांगणारे बहुधा सांगत नाहीत.

कथेचा उत्तरार्ध तर सांगितलाच जात नाही. ही प्रत लायडनला गेली आणि १९७० च्या दशकाच्या पूर्वार्धात इंडोनेशियाला परत मिळाली. त्यानंतर १९७८ मध्ये याच काव्याची आणखी एक प्रत सापडली, आणि तीही पूर्व बालीतील अमलापुरा येथे! वाळवी, दमट हवा, १९१७ चा प्रचंड भूकंप, हे सारे सोसून बालीच्या लोकांनी आपला ग्रंथ आपल्या घरी राखला होता. ताडपत्र जीर्ण झाले की नवी प्रत उतरवायची, ही तेथील परंपरा. ‘आम्ही नेले नसते तर काही उरले नसते’ या विधानाला याहून स्वच्छ उत्तर मिळणे कठीण.

दुसरा युक्तिवाद अधिक चतुर आहे : ‘बालीचे लोक स्वतःच जुन्या वस्तू टाकून देतात.’ यात तथ्य आहे. देवळाच्या वळचणीला बांधायची कामासान शैलीतील लांब चित्रपट्टी उन्हापावसाने विटली की नवी रंगवली जाते. पण कोणती वस्तू निवृत्त करायची, हे ते गाव आणि ते देऊळ ठरवते. असा निर्णय झाला असेल तर तो सांगता येतो. मानववंशशास्त्रज्ञ अँथनी फोर्ज यांनी १९७० च्या दशकाच्या आरंभी कामासानमध्ये राहून चित्रे जमवली, चित्रकारांशी बोलून टिपणे ठेवली. तो संग्रह आज सिडनीच्या ऑस्ट्रेलियन म्युझियममध्ये आहे. संग्रह करण्याची प्रामाणिक रीत असू शकते, हे त्यावरून दिसते. ती रीत ज्ञात असताना तीन शब्दांवर भागवणे ही निवड आहे.

बारोंग आणि रांगदा यांच्या मुखवट्यांचे घ्या. हे मुखवटे ‘पुले’ नावाच्या झाडाच्या लाकडाचे करतात. ते झाड म्हणजे आपली सातवीण. लाकूड घेण्यासाठी शुभ दिवस पाहिला जातो, मुखवटा पूर्ण झाल्यावर त्यात प्राणप्रतिष्ठेसारखा ‘पासुपती’ विधी होतो. देवळातील लहान मूर्तींना बालीत ‘प्रतिमा’ हाच शब्द आहे, आणि या प्रतिमांच्या चोऱ्या अलीकडच्या काळापर्यंत तेथील देवळांना छळत आल्या आहेत. दिवाणखान्याच्या भिंतीवर ‘एथनिक’ म्हणून टांगलेला जुना मुखवटा कोणाच्या देवळातून नाहीसा झाला असेल, हा प्रश्न विकत घेणाऱ्याला पडत नाही. पंढरपूरच्या एखाद्या फडाच्या पादुका कोणी शोभेच्या वस्तू म्हणून मांडल्या तर मात्र तोच माणूस संतापेल.

येथे महाराष्ट्राचा थेट संबंध येतो. एप्रिल २०२५ मध्ये लंडनच्या सदबीज या लिलावगृहात नागपूरकर रघुजी भोसले पहिले यांची तलवार विक्रीस निघाली आणि महाराष्ट्र शासनाने मध्यस्थामार्फत ती ४७.१५ लाख रुपयांना घेतली. १८ ऑगस्ट रोजी ती मुंबईत पोहोचली. १८१७ नंतर कंपनी सरकारने नागपुरात केलेल्या लुटीत ती गेली असावी, असा अंदाज त्या वेळी व्यक्त झाला. समाजमाध्यमांवर आनंदाला उधाण आले, ते रास्तच होते. पण लुटीत गेली असे मानायचे, तर आपल्याच वस्तूची पूर्ण किंमत मोजावी लागली, यावर फारशी चर्चा झाली नाही. आणि ज्या तरुण इतिहासप्रेमींनी ‘आमची तलवार’ म्हणून जल्लोष केला, त्यांच्यापैकीच काहींना बालीची राजघराण्याची क्रिस ‘काय सुंदर पीस’ वाटते. सीताबर्डी आणि डेनपासार यांना दोन मापे लावता येणार नाहीत.

त्याच वर्षी पिप्राहवाच्या बौद्ध अवशेषांसोबतच्या रत्नांचा हाँगकाँगमधील नियोजित लिलाव भारत सरकारच्या नोटिशीनंतर थांबला. पुढे मुंबईच्या गोदरेज समूहाने ती रत्ने घेतली आणि जुलैअखेर ती भारतात परतली. तो लिलाव अडवता आला, कारण वस्तूंचा इतिहास उघड होता : १८९८ मधील उत्खनन, पेपे हा जमीनदार, त्याचे वारस. आक्षेप घेण्यासाठी काहीतरी लिहिलेले असावे लागते. जेथे काहीच लिहिलेले नाही, तेथे नोटीस कोणी आणि कशाच्या आधारे पाठवायची? त्रोटक प्रोव्हेनन्स हा आळस असेलही, पण त्याचा लाभ कोणाला होतो हे पाहिले की तो निरागस वाटेनासा होतो.

कायदा या बाबतीत फारसा उपयोगी नाही. सांस्कृतिक मालमत्तेच्या अवैध व्यापाराविरुद्धचा युनेस्कोचा करार १९७० चा, आणि तो मागे जाऊन लागू होत नाही. १९०६ त्याच्या कक्षेबाहेर आहे.

मध्येच एक गंमत. न्यूवेनकांप हा डच चित्रकार १९०४ मध्ये बालीत सायकलवरून हिंडला. १९०६ च्या स्वारीच्या वेळीही तो तेथे होता. आपल्याच सैन्याच्या वर्तनाने तो हादरला, त्याविषयी त्याने लिहिले, आणि तरीही लायडनच्या संग्रहालयासाठी वस्तू जमवत राहिला. उत्तर बालीतील कुबुतांबाहान येथील मदुवे कारांग देवळाच्या भिंतीवर फुलांच्या चाकाची सायकल चालवणारा एक माणूस कोरलेला आहे. तो हाच, असे मानतात. जमवणाऱ्यालाच बालीच्या पाथरवटाने जमवून ठेवले.

२०२० मध्ये डच सरकारच्या सल्लागार समितीने वसाहतींतून बळाने नेलेल्या वस्तू विनाअट परत कराव्यात, असे सुचवले आणि पुढच्या वर्षी सरकारने ते धोरण म्हणून स्वीकारले. जुलै २०२३ मध्ये इंडोनेशिया आणि श्रीलंका यांना मिळून ४७८ वस्तू परत देण्याचा निर्णय झाला. त्यांत लोंबोकचा खजिना आणि क्लुंगकुंगची क्रिस होती. २० सप्टेंबर २०२४ रोजी, पुपुतानाला बरोबर ११८ वर्षे झाली त्या दिवशी, ॲम्स्टरडॅममध्ये आणखी २८८ वस्तूंचे हस्तांतर झाले. त्यांपैकी २८४ बादुंगच्या स्वारीतील : शस्त्रे, नाणी, दागिने, वस्त्रे.

हे धोरण सरकारी मालकीच्या संग्रहांपुरते आहे. सैनिकाने खिशात घालून नेलेली कर्णफुले, त्याच्या पणतूच्या कपाटातील क्रिस, उद्या एखाद्या लिलावात लॉट म्हणून येणारी सोन्याची मूठ यांना ते लागू नाही. आणि त्यांच्या वर्णनात बादुंगचे नाव लिहिण्याचे बंधन त्या धोरणाने कोणावर घातलेले नाही.