पक्ष कोणाचा?

२०२४ च्या लोकसभा निवडणुकीत मावळ मतदारसंघात दोन शिवसेना परस्परांविरुद्ध उभ्या ठाकल्या. थेरगावचे श्रीरंग बारणे एकीचे उमेदवार, तर संजोग वाघेरे दुसरीचे. मतदारांनी बारणे यांस निवडले; तो त्यांचा अधिकारच होय. परंतु खरी शिवसेना कोणती, हा निवाडा आधीच झाला होता, आणि त्यात सामान्य शिवसैनिकास कोणी मत विचारले नव्हते.

१७ फेब्रुवारी २०२३ रोजी निवडणूक आयोगाने पक्षाचे नाव व धनुष्यबाण एकनाथ शिंदे यांस दिले. आधार काय? तर ५५ आमदारांपैकी ४० त्यांच्या बाजूस! केवळ आयोगास बोल लावून भागणार नाही. पक्षाची घटनाच लोकशाहीस धरून नाही, असे आयोगाने म्हटले. सभासदांच्या मताने जेथे नेता ठरत नाही, तेथे आमदारांची डोकी मोजण्यावाचून दुसरे काय उरणार?

त्याच वर्षी मार्चमध्ये स्कॉटलंडातील स्कॉटिश नॅशनल पार्टीच्या सुमारे ५० हजार सभासदांनी मते देऊन हमझा युसुफ यांस नेता केले. केट फोर्ब्स थोडक्यात हरल्या. पण त्यांनी निराळी चूल मांडली नाही. २०२४ मध्ये त्या तेथील उपमुख्यमंत्री झाल्या.

आमचे पक्ष फार मोठे, ही सबब आम्हांस मान्य नाही. सभासदनोंदणीचे आकडे मिरविणाऱ्यांस त्याच सभासदांची मते मोजणे जड का जावे? थेरगावात सभेच्या सतरंज्या उचलणाऱ्या कार्यकर्त्याच्या हाती जोवर मतपत्रिका येत नाही, तोवर पक्ष त्याचा नव्हे, असे आमचे स्पष्ट मत आहे.