तोलाचा आजार आणि स्तनातील गाठ

अटॅक्सिया म्हणजे पक्षाघात नव्हे. हातापायांत बळ असते. परंतु हालचालींचा मेळ साधणाऱ्या लहान मेंदूत बिघाड झाल्याने पाऊल वेडेवाकडे पडते, पेल्यातील पाणी सांडते, उच्चार अडखळतात. ते बोलणे ऐकून अनोळखी माणसे भलताच तर्क करतात. मग ती स्त्री आधी पेढीवर येणे सोडते, पुढे लग्नकार्यांतही दिसेनाशी होते.

अशा स्त्रीच्या स्तनात कर्करोगाची गाठ निघाली, की सारे घर गाठीमागे धावते. तोलाचा आजार जुना, अंगवळणी पडलेला. म्हणून तो कर्करोगतज्ज्ञाला सांगायचा राहून जातो. काही घरांत तर मुलीच्या स्थळाला बाध येईल या भीतीने तो मुद्दामच झाकला जातो. पाहुण्यांपासून झाकणे एक वेळ समजू शकते. औषध ठरविणाऱ्या वैद्यापासून झाकणे मात्र आत्मघातकी आहे.

त्याचे कारण असे. स्तनाच्या कर्करोगावर पॅक्लिटॅक्सेलसारखी औषधे फार उपयोगी ठरतात. परंतु त्यांनी हातापायांचे मज्जातंतू दुखावून तळव्यांना बधिरता येऊ शकते. ज्याचा लहान मेंदू शाबूत आहे, तो अशा पायांनीही बऱ्यापैकी निभावून नेतो. अटॅक्सियाची रुग्ण मात्र डोळ्यांच्या आणि तळव्यांच्या जाणिवेच्या आधारावरच कशीबशी उभी असते. त्यांतला एक आधार गेला, तर आज भिंत धरून चालणारी उद्या खाटेला खिळते. पहिल्या सलाइनपूर्वी हे कळले, तर औषध बदलणे, मात्रा बेताची ठेवणे वा प्रत्येक फेरीला पायांची संवेदना तपासणे, असे मार्ग वैद्याला मोकळे असतात. पाळी थांबलेल्या स्त्रियांना पुढे वर्षानुवर्षे दिल्या जाणाऱ्या लेट्रोझोलसारख्या गोळ्यांनी हाडे विरळ होतात. वारंवार पडणाऱ्या बाईला विरळ हाडे म्हणजे खुब्याचा अस्थिभंग. म्हणून गोळी सुरू करतानाच हाडांची घनता मोजून घ्यावी.

क्वचित क्रम उलटाही असतो. गाठीविरुद्ध शरीराने उभे केलेले प्रतिपिंड लहान मेंदूवरच उलटतात आणि कर्करोगाचा पत्ता लागण्याआधी काही महिने तोल जाऊ लागतो. मध्यम वयाच्या स्त्रीला थोड्या आठवड्यांत चालणे अवघड झाले, तर केवळ कानाचा वा मानेचा दोष मानून स्वस्थ बसू नये. स्तनांची व बीजकोशांची तपासणी व्हावी.

आणखी एक दुवा रक्ताच्या नात्यातून येतो. १९९५ साली शोध लागलेल्या एका जनुकाचे नाव एटीएम. (बँकेच्या यंत्राशी त्याचा संबंध नाही!) त्याच्या दोन्ही प्रती सदोष असल्या, तर बालपणीच अटॅक्सिया जडतो आणि अशा रुग्णांना किरणोपचार अतिशय घातक ठरतात. एकच प्रत सदोष असलेली आई बाह्यतः निरोगी दिसते; तिला स्तनाच्या कर्करोगाचा धोका मात्र इतर स्त्रियांच्या सुमारे दुप्पट वा अधिक असतो. लेकरासाठी दवाखान्यांच्या पायऱ्या झिजविणाऱ्या मातेची तपासणी कोण करून घेतो?

आपल्या शाकाहारी घरांपुरते सांगायचे, तर बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता स्वतःच मज्जातंतू बिघडवून तोल घालविते. दूधदह्यातून ते मिळते, पण पुरेसे मिळतेच असे नाही. रक्ताची ही साधी तपासणी रसायनोपचारापूर्वी अवश्य करावी; हा दोष भरून काढता येतो.

शस्त्रक्रियेपूर्वी शल्यविशारदाला एवढेही सांगावे, की रुग्ण काठी कोणत्या हातात धरते. गाठ त्याच बाजूची असेल, तर त्या हातावर पुढे काही काळ भार देता येणार नाही. तेव्हा दुसऱ्या हाताने काठी धरण्याचा सराव फिजिओथेरपिस्टकडून आधीच करून घ्यावा, आणि न्हाणीघरातील कठडाही त्याच बाजूस बसवावा.